दोन्ही बाजूंत मिळवून

२०२४ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. सायंप्रार्थना आटोपून आम्ही चर्चच्या पायरीवर उभे असता, पूर्वी आमच्या वसतिगृहात राहिलेली एक मुलगी भेटावयास आली. तिने विज्ञान शाखेतून बारावीची परीक्षा दिली होती, राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत तिला बरे गुण पडले होते, आणि औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीस, म्हणजे बी. फार्म.ला, प्रवेश मिळेल अशी आशा उत्पन्न झाली होती. आम्ही आनंदाने तिचे अभिनंदन केले. ती मात्र हसली नाही. तिने एक घडी केलेला कागद आमच्यापुढे धरला. पहिल्या सत्राच्या विषयांची ती यादी होती आणि एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली होती : 'रेमेडियल मॅथेमॅटिक्स'.

भारतीय औषधनिर्माण परिषदेने ठरविलेल्या अभ्यासक्रमात अशी तरतूद आहे, की बारावीस गणित घेऊन आलेल्या विद्यार्थ्याने पहिल्या सत्रात जीवशास्त्र शिकावे, आणि जीवशास्त्र घेऊन आलेल्याने गणित. ज्याचे जे राहिले ते त्याने भरून काढावे, हा हेतू. तरतूद न्याय्य आहे. परंतु त्या गणितात आंशिक अपूर्णांक, लॉगॅरिथम, सीमा, विकलन, संकलन असे सारे काही आहे, आणि ते एका सत्रात उरकावयाचे असते. दहावीनंतर ज्याने गणिताचे पुस्तक मिटले, त्याने त्या पहिल्या पायरीवर पाय तरी कसा ठेवावा?

"फादर," ती म्हणाली, "अकरावीत तुम्हीच त सांगितलं होतं ना, गणित सोड म्हणून."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तक्रार असती तर आम्हांला उत्तर सुचले असते.

वाचकहो, ती म्हणत होती ते खरे होते. २०२२ साली तिच्या अकरावीच्या अर्जावर स्थानिक पालक म्हणून आमची स्वाक्षरी होती. दहावीस तिला गणितात शंभरांपैकी त्रेचाळीस गुण मिळाले होते. तो आकडा पाहून आम्ही म्हणालो होतो, "बाळ, गणित तुला झेपणार नाही. जीवशास्त्र घे, पुढे परिचारिका होशील." तिची आई शेजारी उभी होती. ती माडिया बोलणारी बाई. फादर सांगतात ते भल्याचेच असणार, एवढाच तिचा भाव. तिने मान हलविली. आम्ही स्वाक्षरी केली, आणि आपण एका लेकरावरील ओझे हलके केले, अशा समाधानाने त्या रात्री झोपलो.

त्या त्रेचाळीस गुणांमागे काय होते, हे आम्ही त्या वेळी पाहिले नव्हते. पाहणे अवघड नव्हते. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा ती आठवीत होती. वसतिगृह रिकामे झाले आणि मुली आपापल्या गावी गेल्या. तिचे नववीचे जवळजवळ संपूर्ण वर्ष गावात गेले. त्या गावात मोबाईलला संदेशवहन मिळत नव्हते. शिक्षण इंटरनेटवरून चालू आहे, असे त्या काळात सर्वत्र सांगितले जात होते. तिच्या गावापुरता तो शब्द पोकळ होता. आणि नववीच्या गणिताच्या पहिल्या भागातच तर वास्तव संख्या, बहुपदी, गुणोत्तर व प्रमाण, दोन चलांतील रेषीय समीकरणे ही प्रकरणे आहेत. बीजगणिताचा पायाच तेथे भरला जातो. ज्या वर्षी पाया भरावयाचा ते वर्ष तिने मोहफुले वेचण्यात आणि तेंदूपाने तोडण्यात काढले. त्यानंतर दहावीस तिने त्रेचाळीस गुण मिळविले, ही खरे तर तिच्या बुद्धीची साक्ष होती. आम्ही ती तिच्या अपात्रतेची साक्ष समजलो.

आणखी एक कबुली द्यावयाची आहे. आम्ही तिला गणित सोडावयास सांगितले, त्याचे खरे कारण तिचे गुण नव्हते. आमचे स्वतःचे भय होते. शालान्त परीक्षा कशीबशी उत्तीर्ण होऊन आम्ही सेमिनरीत दाखल झालो, तेव्हा 'क्ष' आणि 'य' यांच्या तावडीतून सुटका झाली म्हणून मनोमन परमेश्वराचे आभार मानले होते. पुढे तत्त्वज्ञानाच्या वर्षांत ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र आम्ही आवडीने शिकलो, वादविवादांत बक्षिसेही मिळविली. परंतु आपण ज्या विद्येला भिऊन पळालो ती विद्या निरुपयोगी आहे, अशी समजूत मनाशी घट्ट धरून ठेवली. भित्रा मनुष्य दुसऱ्याला सल्ला देतो तेव्हा तो दयेचा वेष घेतो. आम्ही तेच केले होते.

त्या सायंकाळी तिला काय सांगावे, हे आम्हांला कळेना. शेवटी तोंडून एवढेच निघाले, "आपण दोघे मिळून शिकू."

आता शिकावे कोठे? चंद्रपूर आमच्यापासून शंभरएक किलोमीटर. तेथे शिकवणीचे वर्ग आहेत, पण राहण्याचा आणि शुल्काचा खर्च त्या घराला पेलणारा नव्हता. वसतिगृहाच्या धर्मभगिनींनी सुचविले, की इंटरनेटवर शोधून पाहावे. शोधले, तेव्हा साधनांची वाण नाही, असे आढळले. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या 'स्वयम्' या व्यासपीठावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे अकरावी-बारावीचे गणिताचे पाठ आहेत. तथापि ते ऐकताना आमच्या ध्यानात आले, की आम्हां दोघांचीही गाडी त्याच्या दोन स्थानके अलीकडेच उभी आहे. मग अमेरिकेतील महाविद्यालयांत चालतो तशा धर्तीचा, विनामूल्य उपलब्ध असलेला 'इंटरमीजिएट अल्जेब्रा' नावाचा एक पाठ्यक्रम आम्ही निवडला. महाविद्यालयीन गणितास ज्यांची पूर्वतयारी नाही, अशांसाठीच तो रचलेला. समीकरणे, असमानता, बहुपदी, अवयव, करणी, वर्गसमीकरणे, फले, घातांक आणि शेवटी लॉगॅरिथम, असा त्याचा क्रम.

शिक्षकाची भाषा इंग्रजी, आणि तीही अमेरिकी उच्चारांची. म्हणून नववी-दहावीची बालभारतीची गणिताची पुस्तके उघडून शेजारी ठेवली. शिक्षक म्हणे 'कोएफिशंट'; आम्ही म्हणू सहगुणक. तो म्हणे 'फॅक्टर'. आम्ही म्हणू अवयव. पहिले दोन आठवडे गणित कमी आणि भाषांतरच अधिक झाले. मोबाईलला आमच्या घराच्या वरच्या ओट्यावरच काय ते संदेशवहन मिळे, तेही आभाळ मोकळे असेल तर. म्हणून काही कामानिमित्त अहेरीस जाणे झाले, की आठवड्याचे पाठ मोबाईलमध्ये उतरवून आणावयाचे, आणि दररोज सायंकाळी दीड तास बसावयाचे, असा नेम ठरला. वसतिगृहाच्या अभ्यासिकेत, इतर मुलींच्या देखत, पन्नाशी उलटलेला धर्मगुरू आणि अठरा वर्षांची मुलगी एकाच बाकावर बसून वही काढू लागले. लहान मुलींना त्याची मोठी गंमत वाटे.

पहिली चाचणी वीस गुणांची होती. तिला अकरा मिळाले, आम्हांला नऊ.

या शिक्षणपद्धतीचा एक गुण असा, की शिक्षक कधी रागावत नाही. थांबवावे तेथे थांबतो, दहा वेळा सांगावयास लावले तरी कंटाळत नाही. बाकावर उभे राहण्याची शिक्षा भोगलेल्या आमच्या पिढीला हे केवढे सुख वाटावे! परंतु त्याचा दोषही याच गुणात आहे. उत्तर चुकले एवढे तो यांत्रिक परीक्षक सांगतो. तू कोठे चुकलास आणि का चुकलास, हे सांगत नाही. त्याला आमचा चेहरा दिसत नाही, खोडलेली ओळ दिसत नाही. म्हणून आम्ही एक युक्ती योजिली. तिने आमची वही तपासावयाची, आम्ही तिची.

वही तपासताना मोडलेली जागा सापडली. तिने एके ठिकाणी एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असे लिहिले होते. वरच्यांत वरचे मिळविले, खालच्यांत खालचे. अनेक मुलांची ही चूक असते. आम्ही नियम सांगावयास तोंड उघडले, आणि थांबलो. नियम तिला पाठ होताच. आम्ही विचारले, "अर्ध्या भाकरीला तिसरा हिस्सा जोडला, तर ती अर्ध्याहून जास्त होईल का कमी?" "जास्त." "मग दोन पंचमांश अर्ध्याहून जास्त का कमी?" ती क्षणभर पाहत राहिली, आणि स्वतःच ओळ खोडून पाच षष्ठांश लिहिले. गणित हे काही अर्थ असलेले बोलणे आहे, हे बहुधा त्या दिवशी प्रथमच तिच्या मनात उतरले. आमच्याही.

'अल्जेब्रा' हा शब्द कोठून आला, हे आम्ही याच सुमारास वाचले. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी नावाचा एक थोर गणिती होऊन गेला. त्याच्या ग्रंथाच्या नावात 'अल्-जब्र' हा अरबी शब्द आहे. मोडलेले सांधणे, उणे झालेले भरून काढणे, असा त्याचा अर्थ. हाच शब्द स्पेनमध्ये गेला, आणि तेथे हाडे बसविणाऱ्या वैद्याला 'अल्जेब्रिस्ता' म्हणू लागले. सर्व्हान्तिसच्या 'डॉन किहोते'च्या १६१५ सालच्या दुसऱ्या भागात असा एक हाडवैद्य येऊन जातो. आमच्या जंगलातील गावांत झाडावरून पडलेल्याचे हाड बसविणारे वैदू आजही भेटतात. वैदू आधी काय करतो? बोटांनी चाचपडत हाड नेमके कोठे मोडले आहे ते शोधतो. दुखते कोठे हे विचारल्यावाचून तो पट्टी बांधीत नाही. आम्ही २०२२ साली जागा न शोधताच पाय कापावयास सांगितला होता.

गणितात अल्-जब्र म्हणजे काय? समजा, ३क्ष − ५ = १६ असे समीकरण आहे. डाव्या बाजूतून पाच कोणी तरी काढून नेले आहेत. ते भरून द्यावयाचे, तर डाव्या बाजूत पाच मिळवावे लागतात. पण तेवढ्याने भागत नाही. उजव्या बाजूतही पाच मिळवावे लागतात. मगच ३क्ष = २१, आणि क्ष = ७. शाळेत आम्हांला 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' असे शिकविले होते. ते खरे असले तरी त्यात मर्म झाकले जाते. खरी गोष्ट अशी, की एका बाजूचे उणे भरून काढावयाचे, तर दुसऱ्या बाजूने तेवढेच घालावे लागते. हे वाक्य वहीत लिहिताना आम्ही थबकलो. या मुलीचे जे उणे झाले ते भरून काढण्याचे श्रम तिने एकटीने करावेत, आणि आम्ही शेजारी बसून आशीर्वाद द्यावा, असे समीकरण जुळणारे नव्हते.

आपल्या भाषेत वजा संख्येला 'ऋण' म्हणतात. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने धन आणि ऋण यांचे नियम सांगितले, तेव्हापासून हा शब्द आपल्या गणितात आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेतही मूळ ग्रीक शब्द देणे किंवा ऋण या अर्थाचाच आहे. सेमिनरीत आम्ही तो शिकलो होतो. त्यावर प्रवचनेही केली होती. परंतु आपण कोणाचे देणे लागतो, याचा हिशेब मांडण्याची वेळ अशी बाकावर बसून येईल, असे वाटले नव्हते.

दोन चलांच्या समीकरणांपाशी मात्र ती आमच्या पुढे गेली. पाठातील उदाहरणे विमानांची आणि चित्रपटगृहाच्या तिकिटांची होती. तिला त्यांत रस येईना. आम्ही म्हणालो, "तुझ्या घरचे उदाहरण तूच मांड." तिने मांडले. आपल्याकडे सत्तर तेंदूपानांचे एक पुडके होते, आणि हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. तिने लिहिले : एके दिवशी आईने ४ तास आणि मी ३ तास काम केले, मिळून १२५ पुडकी झाली. दुसऱ्या दिवशी आईने ३ तास आणि मी ५ तास, तेव्हा १३५. तर तासाला आईची किती आणि माझी किती? तासाला आईची पुडकी क्ष, स्वतःची य. ४क्ष + ३य = १२५. ३क्ष + ५य = १३५. पहिल्या समीकरणाला तीनने आणि दुसऱ्याला चारने गुणून तिने वजाबाकी केली, आणि तिचे उत्तर आले : आई वीस, मुलगी पंधरा. आम्ही चिन्हात घोटाळा केल्याने आमच्या वहीत मुलगी ऋण पुडकी बांधीत होती. ती पोट धरून हसली. "फादर, मी बांधलेली पुडकी सोडून ठेवत होती का?" त्या हसण्याने तिच्या मनातील एक भिंत पडली, असे आम्हांला वाटते.

भास्कराचार्यांची आठवण आम्ही तिला याच वेळी सांगितली. त्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० सालचा. 'बीजगणित' हा त्याचाच एक भाग. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याचा शिलालेख आपल्याच महाराष्ट्रात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. या परंपरेत अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणत. म्हणजे 'जितके असेल तितके'. अज्ञात संख्या एकाहून अधिक असल्या, तर पुढील संख्यांना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावे. आम्हांला यावत्तावत् हा शब्द फार आवडला. किती आहे हे ठाऊक नसताना त्याला अगोदरच शून्य धरावयाचे नाही. जितके असेल तितके आहे, असे म्हणून मानाने नाव द्यावयाचे, आणि कामास लागावयाचे. मुलांच्या अंगच्या गुणांविषयी आम्ही वडीलधारी माणसे एवढा धीर का धरीत नाही?

श्रावणात करणीचे प्रकरण आले आणि तेथे आम्हांला आणखी एक धडा मिळाला. वर्गमुळात क्ष + ६ आहे आणि त्याची किंमत क्ष इतकी आहे, असे समीकरण. दोन्ही बाजूंचे वर्ग केले, अवयव पाडले, उत्तरे आली ३ आणि −२. रीत निर्दोष. परंतु मूळ समीकरणात −२ घालून पाहिले, तर डावीकडे येते २ आणि उजवीकडे −२. उत्तर खोटे! रीत बरोबर असूनही उत्तर खोटे निघू शकते. म्हणून आलेले उत्तर मूळ प्रश्नात घालून पाहिल्याखेरीज ते खरे मानावयाचे नाही, असे शिक्षकाने निक्षून सांगितले. कमी गुण पडले तर गणित सोडावे, हीही एक रीतच आहे, आणि बहुतेक शाळांत ती सर्रास चालते. आम्ही ती वापरली होती. आलेले उत्तर त्या मुलीत घालून पाहिले नव्हते.

या पूर्वतयारीच्या पाठ्यक्रमांविषयी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. अमेरिकेत हेच 'इंटरमीजिएट अल्जेब्रा' कित्येक वर्षे पुलाऐवजी जकातनाका होऊन बसले होते. महाविद्यालयात येणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांना आधी या पायऱ्या चढा म्हणून सांगावयाचे, आणि पुष्कळांनी त्या पायऱ्यांवरच शिक्षण सोडावयाचे, असे चालले होते. शेवटी कॅलिफोर्निया राज्याने २०१७ साली कायदा केला, की सामुदायिक महाविद्यालयांनी विद्यार्थ्याला शक्यतो सरळ महाविद्यालयीन गणितातच बसवावे, हवी तर जोडीने मदत द्यावी. तेथील अध्यापकांत यावर मतभेद आहेत. आम्ही त्या वादात निर्णय देण्याच्या योग्यतेचे नाही. परंतु पाठ एकच असून, कोणी हात धरून चढविले तर तो पूल होतो आणि 'तू अजून लायक नाहीस' असे म्हणून अडविले तर नाका होतो, एवढे आम्हांला कळले.

भाद्रपदात शेवटचे प्रकरण उरले, लॉगॅरिथमचे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता त्या पावसाळ्यातही बंद पडला होता आणि आमच्याकडेही वीज दोन-दोन दिवस नसे. मोबाईल मिटून आम्ही पुस्तकावर आलो. ती म्हणाली, "फादर, लॉग कशासाठी असतं ते मला कळतच नाही." आम्हांलाही कळले नव्हते. दोन रात्री विचार केल्यावर एक उदाहरण सुचले. समजा, एखाद्या औषधाचे शरीरातील प्रमाण दर सहा तासांनी निम्मे होते. बारा तासांनी पाव, अठरा तासांनी आठवा हिस्सा. मग नेमका दहावा हिस्सा उरेल तो केव्हा? अठरा तासांनंतर आणि चोवीस तासांच्या आत, हे दिसते. पण नेमके केव्हा? दोनाचा कितवा घात म्हणजे दहा, हा तो प्रश्न आहे, आणि लॉगॅरिथम त्याचे उत्तर देतो : सुमारे ३.३२. सहाने गुणले, की जवळजवळ वीस तास. तिने आकडेमोड दोनदा तपासली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे गोळी किती तासांनी घ्यायची ते असं ठरवत असतील." हिवतापाने फणफणलेली किती मुले तिने आपल्या गावात पाहिली असतील! क्लोरोक्विनची मात्रा मुलाच्या वजनावरून ठरते, हे तिला आशाताईंकडून ठाऊक होते. त्या मात्रेमागे गणित उभे आहे, हे आता तिला दिसले. ज्या विद्येला आम्ही निरुपयोगी म्हणत आलो, तिची गरज आमच्याच जंगलाला सर्वांत अधिक आहे, हे आम्हांलाही दिसले.

तिला प्रवेश मिळाला आणि ती गेली. तिच्या शेवटच्या चाचणीत वीसांपैकी सतरा गुण होते. आमचे चौदा.

ती गेल्यावर आम्ही पाठ्यक्रम सोडून देऊ, असे धर्मभगिनींना वाटले होते. सोडला नाही. ख्रिस्तोफर क्लाव्हियस या येशूसंघी धर्मगुरूचे नाव आम्ही सेमिनरीत १५८२ सालच्या पंचांगसुधारणेच्या संदर्भात ऐकले होते. त्यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला आणि तो १६०८ साली रोममध्ये छापला गेला, हे आता कळले. धर्मगुरूला गणिताशी काय कर्तव्य, ही आमची जुनी सबब त्याने कायमची बाद केली. आणि आमच्या या चांदा मिशनला तर ती सबब कधीच शोभणारी नव्हती. १९६२ साली हे मिशन ज्या धर्मसंघाच्या हाती सोपविले गेले, त्याचे एक संस्थापक संत चावरा यांनी १८४६ साली केरळात मान्नानम येथे संस्कृत शाळा काढली, आणि प्रत्येक चर्चजवळ एक शाळा असावी असा आग्रह धरला. चर्चजवळ शाळा आम्ही ठेवली. फक्त त्या शाळेत आपण स्वतःही बसावयाचे असते, हे विसरलो.

पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा तिने फोन केला. गणितात उत्तीर्ण झाली होती. गुण फार नव्हते, पण ते सांगताना तिचा आवाज खाली गेला नाही. मग तिने आंशिक अपूर्णांकांचे एक उदाहरण सांगून विचारले, "हे तुम्हांला जमतं का बघा." आम्हांला ते जमले नाही. दोन दिवसांनी तिनेच फोनवर ते समजावून दिले. आमचे देणे फिटले, असे आम्ही म्हणत नाही. तिने बारावीस गणित घेतले असते, तर तिच्यापुढे आणखी कोणती दारे उघडली असती, ते आता कोणासच सांगता येणार नाही. काही ऋणे भरून निघत नाहीत; ती मान्य करून पुढचा व्यवहार सरळ करावा लागतो.

२०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश राज्यभर संगणकाद्वारे होऊ लागले आहेत. त्या जूनमध्ये वसतिगृहातील एक मुलगा आपल्या वडिलांना घेऊन अर्ज भरण्यासाठी आमच्या कचेरीत आला. गणितात अडतीस गुण. शाखा निवडण्याची जागा आली तेव्हा वडील म्हणाले, "फादर, तुम्हीच सांगा काय घ्यावं ते." बाप-लेक दोघेही आमच्याकडे पाहत होते.

आम्ही संगणक बाजूला सारला, वही पुढे ओढली, आणि मुलाला म्हणालो, "बस. आधी आपण दोन-चार उदाहरणे करू. कोठे अडते ते पाहू." अर्ज त्या दिवशी भरला गेला नाही.